वतन आणि वखार

सातवीच्या वर्गात दरवर्षी मराठ्यांच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा धडा येतो. दरवर्षी तो शिकवताना आमचा आवाज जरा सावध होतो. शाळा उर्दू माध्यमाची, तालुका माण, समोर बसलेली मुले मुलाणी, शेख, तांबोळी, आत्तार यांच्या घरची. एका बाजूला औरंगजेब बादशहा, दुसऱ्या बाजूला राजाराम महाराज, ताराबाई, संताजी, धनाजी. आम्ही सनावळ्या सांगतो, नकाशा दाखवतो आणि तास संपवतो. अशी आमची अनेक वर्षांची वहिवाट होती.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, उस लढाई में हमे किसके बाजूसे थे?"

वर्ग शांत झाला. इतर मुलांच्या चेहऱ्यांवरूनही कळले की हा प्रश्न त्या एकट्याचा नव्हता. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि "याचे उत्तर उद्या" असे म्हणून सुटका करून घेतली. बी.एड.ला आम्हाला प्रश्न कसे विचारावेत ते शिकवले होते. अशा प्रश्नाचे काय करावे, ते कुणी शिकवले नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही तालुक्याच्या वाचनालयातून एक जुने, पिवळ्या पानांचे पुस्तक आणले. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र'. नाव पूर्वीपासून माहीत होते, वाचले मात्र नव्हते.

रामचंद्र नीलकंठ म्हणजे शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतले तरुण अमात्य. 1689 मध्ये संभाजी महाराज मारले गेले, त्याच वर्षी रायगड पडला आणि राजाराम महाराजांना दूर दक्षिणेत जिंजीला जावे लागले. मागे उरलेला मुलूख रामचंद्रपंतांच्या हाती सोपवला गेला. राजधानी गेलेली, राजा शेकडो कोसांवर, खजिना रिकामा आणि समोर त्या काळातली हिंदुस्थानातली सर्वांत मोठी फौज. अशा वेळी त्यांना जो किताब दिला गेला तो होता 'हुकूमतपनाह'. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हा शब्द वाचून थबकायला होते. हुकूमत म्हणजे राज्यसत्ता, पनाह म्हणजे आसरा. मराठी राज्याचा आसरा ठरलेल्या ब्राह्मण मुत्सद्द्याचा किताब अरबी आणि फारसीतून घडवलेला, आणि त्यात कुणालाही काही वावगे वाटलेले नाही.

पुढे 1715 मध्ये, कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजी महाराजांच्या नावाने, म्हाताऱ्या झालेल्या या माणसाने आपल्या आयुष्याचा अनुभव नऊ प्रकरणांत मांडला. राजा कसा असावा, प्रधान कसे असावेत, सावकार, वतनदार, वृत्ती, इनाम, किल्ले आणि शेवटी आरमार. 1716 मध्ये ते वारले. म्हणजे हे राज्याला उद्देशून केलेले त्यांचे वसीयतनामाच म्हणायचे.

वतनदारांचे प्रकरण वाचू लागलो आणि आमची झोप उडाली. वास्तविक 'वतन' हा शब्द आम्ही रोज वर्गात उच्चारतो. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी, जिच्यासाठी जीव द्यावा ती माती. 15 ऑगस्टला आमची मुले ज्या तक्रीरी करतात त्यांत दर तिसऱ्या वाक्याला वतन असते. मराठीत तोच शब्द आला आणि त्याचा अर्थ झाला वंशपरंपरेने चालणारा हक्क. पाटीलकी, कुलकर्णी, देशमुखी, चौगुलकी. एकाच अरबी शब्दाचे हे दोन वारस. एक म्हणतो देश माझा. दुसरा म्हणतो गावातला एवढा तुकडा माझा. अमात्यांचे सगळे प्रकरण जणू या दोन अर्थांच्या भांडणावर लिहिलेले आहे.

ते सांगतात की वतनदार म्हणजे आपापल्या जागी छोटा राजाच. आहे तेवढ्यावर त्याचे समाधान नसते. शेजाऱ्याचे घ्यावे, बळ वाढवावे, मग राजालाच जुमानू नये, ही त्याची ओढ. परचक्र आले की आपले वतन राखण्यासाठी तो शत्रूला आधी जाऊन भेटतो आणि इकडचे गुपित तिकडे देतो. म्हणून त्याला फार लाडावू नये आणि त्याची रोजीही बुडवू नये, दोन्हींच्या मध्ये धरून ठेवावे.

हे पुस्तकी शहाणपण नव्हते. याची साक्ष आमच्या माणच्या मातीतच आहे. ज्या सेनापती संताजी घोरपड्यांच्या नावाने मोगल सरदार धास्तावत, ते 1697 मध्ये मारले गेले ते कुठल्या मोगल सरदाराच्या हातून नव्हे. राजाराम महाराजांशी बेबनाव झालेला, धनाजी जाधवांशी लढाई झालेली, फौज पांगलेली, अशा अवस्थेत ते शंभू महादेवाच्या डोंगरांत फिरत होते. तिथे म्हसवडच्या नागोजी मान्यांनी त्यांना गाठले. संताजींनी मान्यांच्या मेहुण्याला हत्तीच्या पायी दिले होते, त्याचा तो सूड. संताजींचे शिर बादशहाकडे पोचले आणि मान्यांचे जुने गुन्हे माफ झाले. हेच माने कधी मोगलांच्या चाकरीत, कधी छत्रपतींच्या. आजही कारखेलच्या बाजूला गेले की लोक हात करून सांगतात, संताजी इथे पडले.

मग आमच्या मुलाला काय सांगावे? या लढाईत म्हसवडचे माने कोणाच्या बाजूचे होते? आणि काझी हैदर, जे शिवाजी महाराजांचे फारसी मुन्शी आणि वकील होते आणि पुढे बादशहाच्या पदरी गेले, ते कोणाच्या बाजूचे? महाराजांच्या आरमारावर हुकूम चालवणारा दौलतखान कोणाच्या बाजूचा? आम्ही मुलांसमोर दोन रांगा मांडत होतो, हिरवी आणि भगवी. त्या काळच्या माणसांनी मात्र तशा रांगा धरलेल्या दिसत नाहीत. कुणी निष्ठेने, कुणी पोटासाठी, कुणी रागाने, आणि पुष्कळ जण वतनासाठी इकडचे तिकडे झाले.

अमात्य तरी यातून सुटले होते का? नाही. बादशहा वतने आणि मनसबी वाटू लागला तेव्हा मराठ्यांनाही वतने आणि सरंजाम कबूल करावे लागले. 1691 मध्ये तर हणमंतराव घोरपड्यांना दिल्ली जिंकेपर्यंतच्या टप्प्याटप्प्यांच्या बक्षिसीचा करार लिहून दिला गेला. पोटापाशी सुरी आली की माणूस उद्याचे धान्य आजच देतो. नंतर म्हातारपणी तेच अमात्य लिहितात की चाकरीबद्दल जमीन इनाम देऊ नये, दिलेली जमीन राज्यातून कमी होते. आम्हाला ही विसंगती वाटली नाही. ज्याने स्वतः गाठ मारली त्यालाच ती किती घट्ट बसते ते कळते.

सावकारांच्या प्रकरणापाशी आलो आणि पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. कारण तिथे आमच्याच घरची गोष्ट होती.

अमात्य म्हणतात, सावकार ही राज्याची शोभा. त्यांच्यामुळे दूरची वस्तू येते, अडीनडीला पैसा मिळतो, म्हणून त्यांना आदराने वसवावे. पण फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस हे टोपीकर व्यापार करतात तरी ते इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि त्यांना जमिनीचा लोभ आहे. त्यांनी यावे, माल विकावा, जावे. वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्राच्या किंवा खाडीच्या तोंडाशी देऊ नये. काही कोस आत, शहराच्या नजरेखाली, सखल जागी द्यावी. पक्की इमारत बांधू देऊ नये. त्यांचे बळ आरमारात आणि दारूगोळ्यात आहे; ते किनाऱ्याला पाय रोवून बसले तर नवे किल्ले उभे राहतील आणि तेवढे राज्य गेले म्हणून समजावे. पलाशीच्या लढाईला तेव्हा 42 वर्षे अवकाश होता.

आता घरची गोष्ट. आम्ही मुलाणी. बलुत्यात मुलाण्याचे काम असे. जत्रेला, लग्नाला बकरे हलाल करायचे, पिराच्या दर्ग्यात दिवाबत्ती करायची, आणि त्याबद्दल सुगीत धान्य आणि थोडी इनाम जमीन. स्वातंत्र्यानंतर कायदे झाले, वतने गेली, आमच्या आजोबांकडे सडकेला लागून दहा गुंठे तेवढी राहिली. आजोबा तिला जमीन म्हणत नसत. "अपना वतन," असेच म्हणत. ते गेल्यावर अब्बा आणि चाचा या दोघांच्या नावावर ती लागली. माणचा दुष्काळ सगळ्यांना ठाऊक आहे. दहा गुंठ्यांत पिकणार काय? पण सडक डांबरी झाली आणि त्या तुकड्याला किंमत आली.

एक व्यापारी आला. बोलायला गोड, वेळेला पैसे देणारा. कांद्याच्या वखारीसाठी जागा भाड्याने हवी म्हणाला. तेव्हा आम्ही नुकतेच बी.एड. होऊन आलो होतो. घरातले पहिले शिकलेले माणूस. अब्बांनी मोठ्या अभिमानाने शंभराचा स्टॅम्प पेपर आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तू लिख." आम्ही वळणदार अक्षरात अकरा महिन्यांचा करार लिहिला. पत्र्याचे शेड बांधायची मुभा लिहिली. शेड कोणाचे, ते उतरवायचे कोणी, मुदतीनंतर काय, यातले काहीही लिहिले नाही. सुचलेच नाही.

दोन वर्षांत पत्र्याच्या जागी विटांची भिंत आली. त्याच सुमारास अब्बा आणि चाचा यांच्यात बांधावरून बोलणे बंद झाले. मग जे व्हायचे ते झाले. अब्बांनी बहिणीच्या लग्नाला व्यापाऱ्याकडून उचल घेतली आणि चाचांना कळू दिले नाही. चाचांनी विहिरीच्या मोटारीसाठी घेतली आणि अब्बांना कळू दिले नाही. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर सह्या केल्या. ज्या दिवशी आम्ही जागा मोकळी करा म्हणून सांगायला गेलो, त्या दिवशी त्याने शांतपणे दोन्ही कागद टेबलावर ठेवले. वर आमच्या अक्षरातला तो करारही. सडकेच्या तोंडाशी आता त्याची पक्की वखार होती आणि आम्ही दोन घरे मागच्या बाजूला एकमेकांकडे पाठ करून उभी.

त्या रात्री अब्बा आम्हाला फक्त एवढेच म्हणाले, "कागज तो तूने लिख्या था." त्यांनी रागाने म्हटले नाही. रागाने म्हटले असते तर बरे झाले असते.

आज्ञापत्र आम्ही त्यानंतर काही वर्षांनी वाचले. आधी वाचले असते तर जमीन वाचली असती, असा आमचा दावा नाही. राज्यकर्त्यांनी ते धोरण सांभाळले असते तरी मोठ्या घराचे काय झाले असते, कोण सांगू शकेल? पण झाले ते असे. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे असे अमात्यांनी लिहिले, आणि 1756 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांवर मोहीम नेली. विजयदुर्गाच्या बंदरात मराठ्यांचेच आरमार जळाले. 1775 मध्ये रघुनाथरावांनी घरचे भांडण घेऊन सुरतेला इंग्रजांशी तह केला. 1802 च्या 31 डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावांनी वसईला सही केली, इंग्रजी फौज पदरी घेतली आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणार नाही, असे लिहून दिले. आणि ज्यांच्या नावाने आज्ञापत्र निघाले होते ते संभाजी महाराज स्वतः 1727 मध्ये शाहू महाराजांविरुद्ध निजामाला मिळाले. दोन भाऊ, दोन कागद.

शेवटचा अंक आमच्या साताऱ्यात झाला. 1819 च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना गादी मिळाली, पण बाहेरच्या कोणाशीही इंग्रजांच्या रेसिडेंटखेरीज पत्रव्यवहार करायचा नाही, या अटीवर. परक्यांशी कारस्थान केल्याचा ठपका ठेवून 1839 मध्ये त्यांना काढले. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले, सुमारे 14 वर्षे दारोदार अर्ज देत राहिले. तोवर 1848 मध्ये राज्यच खालसा झाले. आम्ही मुलांना सांगतो की ज्याला आपल्या मनाने पत्र लिहिता येत नाही तो राजा नव्हे. स्वतंत्र असणे म्हणजे केवळ झेंडा नव्हे. कोणाशी दोस्ती करायची, कोणाला किती आत घ्यायचे, कोणाला उंबऱ्यावरूनच चहा द्यायचा, हे स्वतः ठरवता येणे म्हणजे स्वातंत्र्य. पुढे 1796 मध्ये अमेरिकेचे जॉर्ज वॉशिंग्टन पद सोडताना आपल्या नव्या देशाला असेच बजावून गेले की व्यापार सर्वांशी करा, पण परक्या सत्तांशी कायमचे बांधून घेऊ नका. पन्हाळ्याच्या आश्रयाने राज्य राखणाऱ्या अमात्यांनी 81 वर्षे आधी आपल्या भाषेत जवळपास तीच सावधगिरी सांगितली होती, याचा अभिमान माणच्या मुलांना का वाटू नये?

आणि ती भाषा! खलिता, वकील, किल्ला, हवालदार, सबनीस, मुलूख, इनाम. खलिता म्हणजे मुळात पत्र ठेवायची पिशवी, अरबीतला खरीता. राजव्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोशही शिवाजी महाराजांच्या काळी झाला, तरी माणसांच्या तोंडून हे शब्द गेले नाहीत. आमची मुले मराठीच्या पेपराला घाबरतात. आम्ही त्यांना या शब्दांची यादी फळ्यावर लिहून दिली. "हे तर आपलेच शब्द," असे त्यांनीच म्हटले.

त्या मुलाला दुसऱ्या दिवशी आम्ही काय सांगितले ते सांगायचे राहिले. पुस्तक रात्री पुरते वाचूनही झाले नव्हते. आम्ही वर्गात एवढेच म्हणालो, "बेटा, उर्दूत 'हम' एकच आहे. मराठीत दोन आहेत. समोरच्याला वगळून बोलतो ते 'आम्ही' आणि समोरच्याला धरून बोलतो ते 'आपण'. तू कोणत्या 'हम'बद्दल विचारतोस?"

तो गोंधळला. मग आम्ही त्यांना आमच्या माण नदीची गोष्ट सांगितली. सातारा आणि परळी घेतल्यावर 1700 च्या पावसाळ्यात बादशहाची छावणी नदीकाठी खवासपूरला होती. ऑक्टोबरमधल्या एका रात्री वरच्या डोंगरांत पाऊस झाला आणि एरवी कोरडी पडणारी आपली माणगंगा अशी आली की तंबू, जनावरे, माणसे वाहून गेली. ऐंशी ओलांडलेला आलमगीर बादशहा धावपळीत पडला, गुडघा दुखावला आणि पुढे लंगडतच राहिला. वाहून गेलेल्यांत कोण होते? मोगल होते, राजपूत होते, आणि मोगलांच्या चाकरीतले मराठेही असणारच. नदीने कुणाला बाजू विचारली नाही. "आणि ज्या गावांतून ती नदी आली," आम्ही म्हणालो, "त्या गावांत तेव्हा मुलाणी दर्ग्यात दिवा लावत होते आणि कुणब्याच्या घरचे बकरे हलाल करत होते. त्यांच्या पिकातून दोन्ही फौजांचे घोडे गेले. मला विचारशील तर आपण तिथे होतो."

हे उत्तर पुरेसे आहे का, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही. मुलाने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिले.

अमात्यांच्या पुस्तकातली एक बारीकशी गोष्ट आमच्या मनातून जात नाही. आरमाराला लाकूड लागते, म्हणून रयतेचे आंबे-फणस तोडू नका, असे ते बजावतात. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. समुद्रावरच्या सत्तांशी कसे वागावे हे लिहिणाऱ्या मुत्सद्द्याला कुणा कुणब्याच्या दारचा फणस दिसत होता. आमच्या त्या दहा गुंठ्यांत आजोबांनी लावलेला एक आंबा होता. वखारीची भिंत आली तेव्हा तो गेला. चाचांना त्याचे अब्बांपेक्षा जास्त वाईट वाटले होते, हे आम्हाला नंतर चाचींकडून कळले. भांडणात ते सांगायला जागाच नव्हती.

आम्ही ही गोष्ट, पुस्तकातली, एका शुक्रवारी नमाजनंतर चाचांना सांगितली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनीच विचारले, "वो अमात्य और क्या बोलता?" मग आम्ही वखारीचे प्रकरण सांगितले. ते बराच वेळ सडकेकडे पाहत राहिले.

मागच्या बकरीदला, अनेक वर्षांनी, चाचा आमच्या घरी आले. शिरखुर्मा ईद नव्हती, तरी अम्मींनी शिरखुर्मा केला. खाणे झाल्यावर आम्ही पिशवीतून कोर्टाचा कागद काढला. आजवर दोघांचे वकील वेगळे होते. या कागदावर नाव एकाच वकिलाचे होते. या खेपेला आम्ही प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि दोघांना समजली का ते विचारले. खाली आधी अब्बांनी सही केली. मग पेन पुसून चाचांपुढे धरले आणि चाचांनीही केली.

दाव्याची पुढची तारीख पडली आहे.